एकांकिकेचा शेजार

श्रोतेहो, नमस्कार.

एकांकिका म्हटले की आपल्याकडे त्यापुढे स्पर्धा हा शब्द आपोआप येतो. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू केला. भरत नाट्य मंदिरात तेव्हापासून महाविद्यालयीन मुलांची ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळी घुमत आली आहे, आणि पुढे गावोगावी असे करंडक निघाले. माझ्यासारख्या हौशी नाटकवाल्यांनी चार गोष्टी शिकल्या त्याही अशाच करंडकांच्या तालमींत. तेव्हा स्पर्धेविषयी आज थोडे वाकडे बोललो, तरी तो कृतघ्नपणा समजू नये. मला सांगायचे आहे ते स्पर्धेबाहेरच्या एकांकिकेविषयी. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही, आणि गावातली एक हौशी संस्था एका संध्याकाळी आपल्याच माणसांना तीन एकांकिका दाखवते आहे, अशा प्रयोगात एकांकिकेचे काय होते, हा माझा विषय आहे.

आमचे गाव सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही अशी एक संध्याकाळ केली. वरवर पाहता हे काम मोठ्या नाटकापेक्षा सोपे वाटते, पण प्रत्यक्षात सगळेच तिप्पट होते. लेखकाची परवानगी आणि मानधन तीनदा, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत सेन्सॉर, तेही तीनदा. तालमी तीन ठिकाणी, कारण एका गटातील शिक्षक मोकळे होतात तेव्हा दुसऱ्या गटातील दुकानदारांची दुकाने भरात असतात. सभागृह मात्र एकाच सत्रापुरते मिळते. त्या चार तासांत दिवे टांगायचे, रंगीत तालीम उरकायची, प्रयोग करायचे आणि रंगमंच होता तसा करून द्यायचा.

म्हणून नेपथ्य एकच ठरले: दोन लेव्हल म्हणजे उंच चौथरे, एक दार आणि शाळेतून मागून आणलेले एक लाकडी बाकडे. पहिल्या एकांकिकेत ते ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यातले बाकडे होते, दुसऱ्या एकांकिकेत एसटी स्टँडवरचे झाले आणि तिसऱ्या एकांकिकेत त्यावर पांढरी चादर पडून दवाखान्यातली खाट झाली. प्रत्येक वेळी त्याची जागा वेगळी असल्यामुळे आमच्या मुलांनी रंगमंचावर अंधारात चमकणाऱ्या पट्टीच्या तीन खुणा केल्या होत्या. पहिलीसाठी एक रेघ, दुसरीसाठी दोन, तिसरीसाठी तीन. दोन एकांकिकांच्या मध्ये पडदा पाडायचा नाही, अंधारातच सगळे हलवायचे, असा दिग्दर्शकांचा आग्रह होता आणि तो मला पूर्ण पटलेला होता. पडदा पडला की लोक चहाला उठतात. अंधारात ते बसून राहतात, हळू आवाजात बोलतात, आणि मागच्या एकांकिकेतले काहीतरी मनात घेऊनच पुढच्या एकांकिकेला सामोरे जातात.

खरा वाद झाला तो क्रमावरून. तीनपैकी पहिली एकांकिका विनोदी होती, तिसरीत अकरा पात्रे आणि भरपूर आरडाओरडा होता. मधली एकांकिका म्हणजे शेवटची गाडी चुकलेले एक म्हातारे जोडपे. आमच्याच एका सभासदाने ती लिहिली होती, आणि त्यांची उभी नोकरी एसटीच्या नियंत्रण कक्षात गेलेली असल्यामुळे गाड्यांच्या वेळा त्यांना जिभेवर पाठ. या एकांकिकेत कोणी मरत नाही, कोणतेही रहस्य उलगडत नाही. नवरा-बायको डबा उघडतात, मुलाकडे जायचे की घरी परतायचे यावर थोडे भांडतात, आणि दूरवर गाडीचा आवाज आल्यावर दोघेही जागचे उठत नाहीत. ही एकांकिका सुरुवातीला ठेवली असती, तर उशिरा येणाऱ्यांच्या खुर्च्यांच्या आवाजात बुडाली असती. शेवटी ठेवली असती, तर घरी जायच्या घाईत असलेल्या लोकांनी ती अर्धवट ऐकली असती. हसून सैलावलेला आणि अजून न दमलेला प्रेक्षक तिला हवा होता, म्हणून ती मध्ये गेली.

हीच एकांकिका दोन वर्षांपूर्वी आम्ही एका स्पर्धेला पाठवली होती आणि ती प्राथमिक फेरीतच बाद झाली होती. त्याबद्दल माझी परीक्षकांविषयी तक्रार नाही. दिवसभरात पाच-सहा एकांकिका ओळीने पाहणाऱ्या माणसाच्या मनावर ठसते ती मोठ्याने बोलणारी एकांकिका. हे ओळखूनच मुले लिहू लागतात: आधी धक्का देणारा शेवट सुचतो, मग त्याच्याकडे नेणारे प्रसंग रचले जातात, आणि त्यावर ढोलताशासारखे पार्श्वसंगीत येते. २०२२ साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही असे ठरवले, तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. कोणी परीक्षकांना कठोर म्हटले, कोणी मुलांच्या लेखनाला नावे ठेवली. मला त्या वेळी वाटले ते असे, की एकांकिकेला तोलायच्या तराजूवर आपण इतके बोललो, पण ती तराजूबाहेर कोठे पाहायला मिळते, हे फारसे कोणी विचारले नाही.

पूर्वी ती तशी पाहायला मिळत होती. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकाचे आख्यान संपल्यावर फार्स करण्याची पद्धत होती, म्हणजे छोट्या नाटकाला मोठ्या नाटकाचा शेजार होता. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली, तिथे प्रेक्षक नटापासून हातभर अंतरावर बसत आणि कुजबुजलेले वाक्यही त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. आणि श्रोतेहो, तुम्ही तर रेडिओवर श्रुतिका आणि नभोनाट्ये ऐकत आला आहात. अर्ध्या तासाच्या नाटकाला आरडाओरड लागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे?

आता आमच्या त्या संध्याकाळी काय घडले ते सांगतो. पहिली एकांकिका संपली, अंधार झाला, मुलांनी बाकडे उचलले आणि घाईत दोन रेघांऐवजी तीन रेघांच्या खुणेवर ठेवले. दिवे उजळले तेव्हा प्रकाशाचा गोल मोकळ्या जागेवर पडला होता आणि म्हातारे जोडपे चार फूट बाजूला अंधुकात बसलेले होते. विंगेत उभ्या असलेल्या माझ्या पोटात गोळा आला. दिवेवाला दिवा हलवू शकत नव्हता, तो वर पाइपला बांधलेला. प्रकाश आपल्याकडे येत नाही, आपण प्रकाश शोधून उभे राहायचे, हे आम्ही प्रत्येक नव्या नटाला पहिल्याच तालमीत सांगतो. म्हातारीचे काम करणाऱ्या बाई गावातल्या पतपेढीत नोकरी करतात, आणि त्यांचे हे दुसरेच काम होते. त्या उठल्या, पिशवी उचलली आणि “इथं वारं लागतंय हो, इकडं या” असे म्हणत सरळ प्रकाशात जाऊन जमिनीवरच बसल्या. नवरा झालेले गृहस्थ गुडघे धरून सावकाश त्यांच्या शेजारी टेकले. पुढची पंचवीस मिनिटे ती दोघे जमिनीवर बसूनच बोलली, आणि मागचे रिकामे बाकडे अंधुकात तसेच उभे राहिले.

त्या पंचवीस मिनिटांत सभागृहात कोणी खोकले नाही, असे मी म्हणणार नाही. हिवाळा होता, पुष्कळ जण खोकले. पण गाडीचा आवाज आला तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, “जाऊ दे ती गाडी.” लोक हसले, आणि लगेच गप्प झाले. स्पर्धेत असा आवाज आला असता, तर आम्ही तो व्यत्यय समजून हळहळलो असतो. इथे दोन्ही नटांनी तो ऐकला, क्षणभर थांबले आणि मग आपले शेवटचे वाक्य घेतले.

लेखकांनी आता नव्या संहितेत बाकडे काढून टाकले आहे. दिग्दर्शकांचे मत मात्र वेगळे आहे: ते रिकामे बाकडे मागे दिसलेच पाहिजे, त्याशिवाय दोघांचे जमिनीवर बसणे उघडे पडते. पुढच्या संध्याकाळीही ही एकांकिका मध्येच ठेवायची, एवढे दोघांनाही मान्य आहे. बाकड्याचा निकाल रविवारच्या वाचनाला लागेल.

नमस्कार.