गाडी पळाली की गाणं का वाढते?

नमस्कार मंडळी. आज गाडीतल्या म्युझिक सिस्टीमबद्दल बोलू. म्हणजे ती, जी गाडीचा स्पीड वाढला की स्वतःच आवाज वाढवते अन् गाडी हळू झाली की स्वतःच कमी करते. बऱ्याच गाड्यांत हे फीचर असते, मालकाला पत्ता नसतो.

आमच्या भाटव्यांचंच, म्हणजे ताईच्या नवऱ्याचंच घ्या ना. नवी गाडी आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू गेलं, अन् रविवारी ताईला घेऊन निघाले वर्ध्याला. नागपुरात मनीषनगरातून निघताना जुनी गाणी कशी निवांत चालू होती. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढले, काटा शंभरावर गेला, तसे भाटवे म्हणतात, "आवाज कायले वाढवला वो?" ताई म्हणे, "मी तर हातबी नाही लावला." वर्ध्याचा टोल आला, गाडी थांबली, गाणं एकदम खाली. "आता चांगलं कडवं आलं तर कमी केला!" मग ताईनं दोन्ही हात पदरात घेतले अन् म्हणाली, आता बोला. परत येतानाबी तेच, समृद्धीवर वाढला, उतरल्यावर कमी झाला, अन् घरी येईपर्यंत दोघांचा अबोला.

दुसऱ्या दिवशी भाटवे वर्कशॉपमध्ये. मेकॅनिकनं गाडी जागेवरच रेस केली, घूं घूं, आवाज काही हलेना. "काही प्रॉब्लेम नाही साहेब." बाहेर पडले, उड्डाणपुलावर चढले, पुन्हा वाढला. पुन्हा वर्कशॉप, पुन्हा रेस, पुन्हा तेच. शेवटी दहावीतल्या भाचीनं स्क्रीनवर सेटिंग उघडून दाखवली. भाटवे म्हणाले, मला डाऊट होताच.

तर ऐका, हे इंजिनच्या रेसवर चालत नाही, गाडीच्या स्पीडवर चालते. पुन्हा सांगतो, रेसवर नाही, स्पीडवर. गाडीचा स्पीड सिग्नल सिस्टीमला मिळते, बाहेरून बसवलेल्या काही सिस्टीम जीपीएसवरून स्पीड घेतात. म्हणून उभ्या गाडीत कितीही ॲक्सिलरेटर दाबा, काही होत नाही.

अन् हे लागते कशाला, तर गावात टायरचा आवाज जास्त, हायवेवर त्यात वाऱ्याची भर. स्पीड दुप्पट झाला की वाऱ्याचा आवाज साधारण अठरा डेसिबलनं वाढतो, अन् दहा डेसिबल वाढले की कानाला दुप्पट वाटते, मग हिशोब तुम्हीच करा. टायरचं म्हणाल तर आपले सिमेंट रोड! डांबरी रस्त्यावरून सिमेंटवर चाक गेलं की आवाज लगेच बदलतो, अन् हे रोड इतके उंच करून ठेवले की पावसाचं पाणी सरळ लोकांच्या अंगणात, त्याचं सेटिंग कोण करणार? असो.

सेटिंगमध्ये ऑफ, लो, मिडियम, हाय असं काहीतरी असते, नावं गाडीगणिक वेगळी. मी तर म्हणतो लो ठेवा, हायवर गाणं अंगावर येते. अन् एक लक्षात असू द्या, या सिस्टीमला फक्त स्पीड कळतो. काच उघडी आहे का, टपावर पाऊस बडवतो आहे का, हे तिला कळत नाही. काही महागड्या सिस्टीम आतमध्ये माईक लावून खरा गोंगाट मोजतात, त्यांना ते कळते. बाकीच्यांनी काच लावून घ्यायची, नाहीतर बटण आहेच. नमस्कार.