पुठ्ठ्याचा किल्ला दगडाचा झाला

नमस्कार मंडळी, किल्ला म्हटलं की आपल्याला आधी डोंगर आठवतो, मग ती दमवणारी चढण, बुरूज, लढाया. पण आज ज्या किल्ल्याबद्दल बोलणार आहे ना, तो भर शहरातल्या बागेत तळ्याकाठी उभा आहे आणि लढाईसाठी बांधलेलाच नाही. हंगेरीत, बुडापेस्टला, नाव वायदाहुन्याद.

झालं असं की १८९६ साली हंगेरियन लोक त्या भूमीत येऊन हजार वर्षं झाली म्हणून मोठं प्रदर्शन भरलं, आणि देशात कुठल्या काळात कशा इमारती होत्या ते एकाच जागी दाखवायचं काम इग्नात्स आल्पार या आर्किटेक्टकडे आलं. त्याने ठिकठिकाणच्या वीसेक इमारतींचे नमुने एकमेकांना जोडून अख्खा किल्लाच उभा केला, तोही लाकूड आणि पुठ्ठ्याचा, कारण प्रदर्शन संपलं की पाडायचाच होता. पण लोकांचा जीव जडला हो त्याच्यावर! मग १९०४ ते १९०८ मध्ये तोच परत दगडविटांत पक्का बांधला.

त्यामुळे आत चालताना दर पन्नास पावलांवर काळ बदलतो. इकडे याक गावच्या जुन्या चर्चसारखं कोरीव दार, तळ्याच्या बाजूला ट्रान्सिल्वेनियातल्या हुन्याद किल्ल्याचा तोंडवळा (तो मूळ किल्ला आज रोमानियात आहे), आणि पुढे एकदम बरोक (म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या भरगच्च नक्षीच्या शैलीतला) महाल, ज्यात शेतीचं म्युझियम आहे. कोणी म्हणेल ही नुसती नक्कल, मला नाही पटत. लोकांना हवा होता म्हणून टिकलेला किल्ला आहे हा, असे किती असतील सांगा!

जायचं कसं, तर मेट्रोने हिरोज स्क्वेअरला उतरा, ती मेट्रोही १८९६ चीच. अंगणात फिरायला तिकीट नाही. हिवाळ्यात गेलात तर तळ्यावर बर्फाचं मैदान करून लोक स्केटिंग करत असतात, समोर हे सगळे बुरूज.

आणि अंगणातला तो पुतळा चुकवू नका. १९०३ साली मिक्लोश लिगेतीने घडवलेला, बेला राजाच्या दरबारातल्या लेखनिकाचा. त्याने हंगेरियन लोकांचा इतिहास लिहिला पण स्वतःचं नाव काही लिहिलं नाही, म्हणून शिल्पकाराने त्याचं तोंड टोपडीच्या सावलीत झाकून टाकलंय, खाली वाकून बघितलं तरी नीट दिसत नाही. हातात लेखणी आहे. तिला हात लावला की लिहिणाऱ्याला यश येतं म्हणतात, म्हणून बाकी पुतळा काळपट आणि लेखणी मात्र हात लागून लागून सोन्यासारखी चकचकीत. मीही लावला हात, थंडगार लागली.