रमाबाईंचं उघडं दार

श्रोतेहो, नमस्कार.

"ख्रिस्ती झालात म्हणजे चर्च सांगेल ते ऐकायचं. मग तुमचं स्वातंत्र्य कुठे राहिलं?" हा प्रश्न आम्हा ख्रिस्ती माणसांना आजही विचारतात. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथल्या मठात राहत असताना रमाबाईंनी आपल्या चिमुकल्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. मठातल्या भगिनींचा जीव होता त्यांच्यावर. पण या शिष्येनं आता मुकाट्यानं शिकावं, ही अपेक्षाही होती. रमाबाई मुकाट्यानं ऐकणाऱ्या नव्हत्याच. कलकत्त्याच्या शास्त्री-पंडितांपुढे उभी राहिलेली ही बाई! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्याचं तत्त्व बुद्धीला पटेना, तर तसं स्पष्ट म्हणाल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको, असंही विचारलं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्या संतापल्या. मायदेशी पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे व्याख्यानं देऊन आलेल्या बाईला हे कसं रुचावं?

१८८५ मध्ये त्याच मठातल्या सिस्टर जेरल्डीन यांना त्यांनी खरमरीत पत्र लिहिलं. भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं जू घेणार नाही, हा त्याचा आशय. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री-बिशपांच्या तोंडचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानायला बांधलेली नाही!

असं लिहूनही त्यांनी ख्रिस्ताला सोडलं नाही. माझ्या लेखी सगळं मर्म इथं आहे. त्यांना नकाराचं बळ श्रद्धेनंच दिलं होतं. देवापुढे जबाब मलाच द्यायचा असेल, तर विचारही मलाच करायला हवा. ख्रिस्तानं तुम्हाला मोकळं केलंय, पुन्हा दास्याच्या जुवाखाली जाऊ नका, असं प्रेषित पौलही बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात बजावतो.

पण खरी कसोटी पुढे लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह, सुरू झालं, १८९० मध्ये ते पुण्याला आलं. आता सत्ता रमाबाईंच्या हाती होती. धर्माची सक्ती करायची नाही, मुलींनी आपले आचार पाळावेत, असा तिथला शिरस्ता. रमाबाई मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. गावात काहूर उठलं, 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

आपल्याच खोलीचं दार रमाबाईंनी का लावावं? तो त्यांचा हक्कच होता. तरी टीकाकारांची शंका मी झटकून टाकणार नाही. जिला जगात दुसरा आसरा नाही, जिच्या ताटातलं अन्न आणि हातातलं पुस्तक एकाच बाईकडून येतं, ती कोवळी विधवा त्या दारात कितपत मोकळ्या मनानं येत असेल? आश्रम, वसतिगृहं, शाळा चालवणाऱ्या आम्हा ख्रिस्ती मंडळींनी हे स्वतःला विचारत राहिलंच पाहिजे.

त्याच सदनातल्या गोदूबाईंकडेही पाहा. या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. वर्षानुवर्षं रमाबाईंजवळ राहिल्या, शिकल्या आणि त्याच वादळी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून बाहेर पडल्या. आल्या तेव्हा हिंदू होत्या, गेल्या तेव्हाही हिंदूच होत्या.