सायकलचा गंज आतून धरतो

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना संपत आला. कोकणात पावसाळ्याआधीची कामं आटोपत आली असतील. कौलं चाळून झाली, सरपण आत गेलं, पडवीला झापं बांधली गेली. या कामांत आज मला आणखी एक काम घालायचं आहे, तुमच्या दाराशी उभ्या असलेल्या लोखंडी सायकलचं.

सायकलचा गंज म्हटलं की आपण रंगाचे टवके पाहतो, हँडलवरचे लाल ठिपके पाहतो. ते दिसतात म्हणून पुसलेही जातात. पण गंजाने सायकलची फ्रेम मोडते ती बऱ्याचदा जिथे नजर पोचत नाही तिथून, म्हणजे नळ्यांच्या आतून. बाहेर तीन-चार थर रंग असतो, आत बऱ्याचदा काहीच नसतं. जुन्या काळ्या सायकलच्या नळीचा पत्रा साधारण दीड मिलिमीटर जाड असतो. गिअरच्या चांगल्या हलक्या पोलादी सायकलमध्ये तो नळीच्या मध्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्या पत्र्याला आतून गंज लागला, तर बाहेरचा रंग शाबूत असतानाच नळी पोखरली जाते.

पाणी आत जातं कुठून? मुख्य वाट सीटच्या दांडीची. सीट घट्ट करायला नळीला मागच्या बाजूने चीर दिलेली असते. मागचं चाक चिखलपाणी उडवतं ते नेमकं तिथे. तिथून पाणी उभ्या नळीतून उतरतं आणि पायडलच्या मधल्या एक्सलपाशी, म्हणजे फ्रेमच्या सगळ्यात खालच्या जागी, साचतं. तिथले छर्रे आणि वाट्या खराब झाल्या की कारागीर त्या बदलून देतो. पण पाणी कुठून आलं हे कुणी विचारत नाही, आणि पुढच्या पावसात तेच होतं.

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू पुरेसे असतात. मीठ मिळालं की काम फार वेगाने होतं, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाचीच क्रिया आहे. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावात, पाऊस नसतानाही, रात्री अंगणात राहिलेली सायकल ओलीच असते. ॲल्युमिनियमवर जो थर चढतो तो धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि खाली खात राहतो.

मासळी विकणाऱ्या भावांना म्हणून माझं वेगळं सांगणं आहे. तुमच्या कॅरिअरवरच्या टपातून बर्फाचं खारट पाणी मागच्या नळ्यांवर रोज ठिबकतं. संध्याकाळी दोन तांबे गोडं पाणी ओता आणि कोरड्या फडक्याने पुसा. एवढ्याने सायकलची कितीतरी वर्षं वाढतात. भरती ओसरल्यावर घट्ट वाळूवरून सायकल चालवणाऱ्यांनाही हेच लागू. पाणी मात्र वरून हलकेच ओता. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाणी एक्सलमध्ये आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरच्या वाटीत घुसतं.

आता पावसाआधीचं काम. सीट दांडीसकट बाहेर काढा आणि सायकल उलटी करून भिंतीला टेकवून अशी धरा की उभ्या नळीचं तोंड खाली येईल. पाणी किंवा तपकिरी खपल्या पडल्या तर काय चाललंय ते कळेलच. मग फ्रेम एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवा. दरम्यान रंगाला कुठे फुगवटा आलाय का ते बघा आणि तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. पत्रा दबला तर ती फ्रेम रस्त्यावर आणू नका. सांधा उकलला असेल तर पितळेच्या कांडीने गॅस वेल्डिंग करणारा जाणता माणूस शोधा. चिमट्याला तडा असेल तर मात्र जोडकाम नकोच, चिमटा बदला.

फ्रेम सुकली की नळीत तेल सोडायचं. मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते जवसाचं उकळलेलं तेल, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते. ते हवेत हळूहळू सुकून चिवट पापुद्रा धरतं. ओव्हरऑइलिंगला सायकल टाकाल तेव्हा, मधला एक्सल काढलेला असताना, अर्धा कप तेल उभ्या नळीत ओता आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, म्हणजे ते मागच्या नळ्यांतही पोचेल. जास्तीचं निथळू द्या. एक्सलच्या वाट्या बसवायचे आटे पुसून घ्या. सुकायला काही दिवस लागतात, म्हणून हे काम उन्हातच उरकायला हवं. आणि एक जपा. या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून मोकळ्या हवेत वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

केरोसीनने पुसलेली सायकल चकाकते खरी, पण ते उडून जातं आणि जाताना ग्रीसही पातळ करून जातं. ते साफसफाईपुरतंच ठेवा.

बाहेरच्या ठिपक्यांना पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि वरून रंग पुरेसा आहे. गंजाला काळं करणारी तयार द्रावणंही मिळतात. त्यांतल्या काहींत टॅनिन असतं. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यातही तेच असतं, आणि लोखंडाशी मिळून ते काळी शाई बनवतं.

सीटची दांडी परत बसवताना तिला ग्रीस लावा. ॲल्युमिनियमची दांडी लोखंडी नळीत कोरडी बसवली तर काही वर्षांत अशी पकडते की कापूनच काढावी लागते. चिरेवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की मागून उडणारं पाणी अडतं. फ्रेमच्या तळाला भोक असेल तर तारेने मोकळं करा. ते पाणी निघून जाण्यासाठीच ठेवलेलं असतं.

पावसात सायकल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडे मोठी चाल आहे. कृपा करून ती सोडा. आत अडकलेल्या दमट हवेचं रात्री दव होतं आणि सायकल आतल्या आत भिजत राहते. वर पत्रा आणि बाजूंनी मोकळी हवा, ही जागा उत्तम. खताच्या पोत्यांशेजारी आणि गोठ्यात ती ठेवू नका.

मुख्याध्यापकांना एक विनंती. मानव विकास कार्यक्रमातून राज्यात अनेक मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत मैदानात पावसात उभ्या असतात. चार खांब आणि वर पत्रे, एवढी जागा त्यांच्यासाठी करता येईल. दसऱ्याला त्याच सायकली धुऊन पूजेला लागतील, त्या दिवशी मुलींना सीटची दांडी काढून नळी तपासायलाही शिकवा. आठवीतल्या मुलीला हे काम सहज जमतं.

नमस्कार.