मस्ती, कट्टी आणि वाळीत

(दृश्य: नववीचा वर्ग, मधली सुट्टी. चेहरे दिसत नाहीत. बाक, दप्तरं, गलका.)

निवेदन:
आज वर्गातल्या एकाचा वाढदिवस आहे. चौघांनी हातपाय धरून त्याला झोळीसारखा उचललाय, बाकीचे लाथा घालतायत. जितकी वर्षं तितक्या, शिवाय एक वरची. याला म्हणायचं बंप्स. मुलगा हसतोय. खाली ठेवल्यावर तो पँट झटकतो, इकडेतिकडे बघतो, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून कंबर दाबून धरतो.

ही मारामारी होती का, असं पोरांना विचारा. ‘छे, मस्ती!’ कशावरून? ‘तो पण हसत होता ना.’

विषय संपला. हसला तर मस्ती, रडला तर मार. पण रडणाऱ्याला पुढे वर्षभर काय काय ऐकावं लागतं, हे हसणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. नॉर्वेत १९७० च्या दशकापासून शाळेतल्या दादागिरीवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस वेगळे प्रश्न विचारत. मुद्दाम केलं का? पुन्हा पुन्हा केलं का? आणि ज्याच्यावर बेतलं, त्याला उलटून उभं राहता येत होतं का? हसण्याचा त्यात हिशेबच नाही.

(दृश्य: खिडकीजवळचा बाक. एकच डबा.)

निवेदन:
तीच सुट्टी, तोच वर्ग. कालपर्यंत या बाकावर पाच डबे उघडायचे. आज चार डबे दोन बाक सोडून मांडलेत. भांडण झालेलं नाही, कुणी शब्दानं बोललेलं नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधूनही तिला काढलेलं नाही, कारण काढलं तर काढणारीचं नाव सगळ्यांना दिसतं. चौघींनी नवा ग्रुप काढला, इतकंच. जुना ग्रुप तिच्या मोबाइलवर आहे. त्यात काहीच येत नाही.

मुली याला त्रास म्हणतात, आणि पुष्कळदा वर जोडतात की यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली. मुलगे म्हणतात, मुलींची नाटकं. मोठी माणसं म्हणतात, तुमचं तुम्ही मिटवा.

फिनलंडच्या संशोधकांनी १९८८ साली अकरा-बारा वर्षांच्या १६७ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलगे समोरासमोर भिडणारे दिसले, मुली आडून वार करणाऱ्या. ही वाटणी लोकांना इतकी पटली की पुढे ती म्हणीसारखी वापरली गेली. मग २००८ मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हाणामारीत मुलगे पुढे हे कायम राहिलं, पण आडून वार करण्यातला फरक अगदी नगण्य निघाला. म्हणजे मुलगेही टाळतात, कुजबुजतात, टीममधून वगळतात. त्याला ते हिंसा म्हणत नाहीत, एवढंच. ‘त्याला घेत नाही आम्ही.’ क्रिकेटच्या मैदानावर हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही?

खरं तर मराठीला हा प्रकार नवा नाही. लहानपणी आपण कट्टी घ्यायचो, ती संध्याकाळपर्यंत बट्टी होऊन मिटायची. त्याच्या पुढच्या टोकालाही आपल्याकडे शब्द आहे, वाळीत टाकणं. हात न लावता माणूस मोडता येतो, हे गावकीला आणि जातपंचायतींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. म्हणून तर महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो जातपंचायतीसारख्यांसाठी आहे, नववीच्या पोरींसाठी नव्हे, आणि तसा तो असूही नये. पण मोठ्यांच्या बाबतीत जो गुन्हा, तो पंधराव्या वर्षी नाटक कसा ठरतो, हे काही आम्हाला उमगलेलं नाही.

(दृश्य: जिन्याखालची तक्रारपेटी. छोटं कुलूप.)

निवेदन:
मारलं, शिवी दिली, पैसे काढून घेतले. या पेटीत टाकायच्या चिठ्ठीवर हे एका ओळीत मावतं. ‘त्या चौघी दोन बाक सोडून बसतात’, अशी तक्रार मात्र लिहून बघा.

आणि तो वाढदिवसाचा मुलगा काय लिहिणार? तो तर हसत होता.

(घंटा.)