पेशंटसोबत कोण आहे?

(दृश्य: पहाट, जेरबाई वाडिया रोड, फूटपाथवर अंथरलेल्या चादरी)

परळ. अजून नीट उजाडलेलं नाही पण रस्ता जागा झालाय. कुणी बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतंय, कुणी चहा आणायला गेलंय, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या काखेत एक प्लॅस्टिकची पिशवी, आत फाईल. नीट बघितलं तर कळेल, फाईल बहुतेक वेळा पेशंटच्या हातात नसतेच, ती सोबतच्या माणसाकडे असते. ही फिल्म त्या माणसाची आहे.

(दृश्य: टाटा हॉस्पिटलची जुनी इमारत, जुने फोटो)

कॅन्सरचं हे हॉस्पिटल उभं राहिलं त्याच्यामागेही घरातलंच एक आजारपण आहे. मेहरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले, पण जाण्याआधी त्यांनी मेहरबाईंच्या नावानं ट्रस्ट काढला, रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन व्हावं म्हणून, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाच्या ट्रस्टनं पुढे परळला हे हॉस्पिटल बांधलं. 28 फेब्रुवारी 1941 ला ते सुरू झालं. 1957 ला केंद्राच्या आरोग्य खात्यानं ताब्यात घेतलं आणि 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. आज देशाच्या कानाकोपऱ्यातनं इथं लोक येतात, गावाकडे नुसतं "टाटाला नेलंय" म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

राहायचं कुठे हा मात्र पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, अजूनही काही संस्था आहेत. तरी जागा पुरत नाहीत, फूटपाथ तुम्ही आत्ताच पाहिलात.

(दृश्य: धर्मशाळेचा सामायिक ओटा, कुकरच्या शिट्ट्या)

या दोघी जावा-जावा. लातूरकडच्या. थोरलीची किमो चालू आहे, छातीच्या कॅन्सरची, दर 21 दिवसांनी एक डोस. धाकटी सोबत आलीय, घरी नवरा, पोरं, म्हातारी सासू आणि दोन म्हशी सोडून. थोरलीला ती अक्का म्हणते.

आता ती काय करतेय बघा. मुगाची खिचडी आहे पण फोडणी नाही. लसूण-जिऱ्याचा वास गेला की अक्कांना उमळून येतं, म्हणून आधी त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलंय, आणि खिचडी थोडी निवली की मगच ताट नेणार, कारण गरम अन्नाचा वास जास्त येतो. चमचा लाकडी. स्टीलच्या चमच्यानं तोंडात लोखंड चघळल्यासारखं होतं म्हणतात, किमोत चव अशीच बिघडते. एका वेळी चार घास, दोन तासांनी परत चार. मध्ये ज्वारीच्या कण्या, पातळ करून. फळ असेल तर साल काढूनच, कच्ची कोशिंबीर बंद. हे सगळं तिनं कुठून शिकलं? थोडं नर्सकडनं, थोडं डाएटिशियनच्या कागदावरनं, आणि बाकी याच ओट्यावर, शेजारच्या शेगडीवरच्या बायकांकडनं.

"अक्का, दोन घास तरी खा की."

"नको गं, वासच सोसंना."

"बरं. ऱ्हाऊ द्या. घटकाभरानं बघू."

जबरदस्ती नाही हे लक्षात घ्या. आपल्याकडे आग्रह करणं म्हणजे माया, पण मळमळ असताना तोच आग्रह त्रास होतो, आणि ही बाई ते ओळखून ताट झाकून ठेवते. मला विचाराल तर या फिल्ममधलं सगळ्यात मोठं काम हेच.

(दृश्य: शंभर पानी वही, जवळून)

ही तिची वही. रेघा मारून रकाने केलेत. तारीख, ताप, किती वेळा उलटी, संडास झाली का, काय खाल्लं. किमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, कॅन्सरच्या मारतं तशा केसांच्या मुळातल्या, तोंडातल्या, आतड्यातल्या अस्तराच्या आणि हाडातल्या मगजातल्या, जिथं रक्त तयार होतं, त्याही मारतं. म्हणून डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, इथले लोक म्हणतात "काउंट पडले". या दिवसांत ताप 100.4 च्या वर गेला की रात्रीचे दोन असोत नाहीतर तीन, हॉस्पिटल गाठायचं. डॉक्टरांना न विचारता आधी क्रोसिन द्यायची नाही, कारण ताप उतरतो आणि आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. वहीत ते दिवस लाल पेनानं चौकटीत आहेत.

पहिल्या डोसनंतर लघवी लाल झाली तेव्हा ही घाबरली होती, रक्तच वाटलं. ते औषधाचा रंग होता, डॉक्सोरुबिसिन, जे लालभडक सलाईन म्हणून सगळे ओळखतात. दिवस-दोन दिवसांत रंग जातो. पण औषध लघवीतनं, उलटीतनं साधारण 48 तास बाहेर पडत असतं, त्यामुळे साफ करताना हातमोजे घालायचे, संडासात दोनदा पाणी सोडायचं, कपडे वेगळे धुवायचे. हे सोबतच्या माणसाला पहिल्याच दिवशी बसवून सांगायला हवं. आपल्याकडे सांगतात ते उभ्या उभ्या, गर्दीत.

(दृश्य: कॉमन फ्रिज, डब्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी. मग व्हरांडा, केस कापतानाची दृश्यं. इथे निवेदन नाही.)

(दृश्य: कॉरिडॉर, बाकावर टेकून झोपलेली माणसं)

पैसे संपतात, कामं सुटतात, शेतं गहाण पडतात, आणि सोबत आलेल्या काहींना एकट्यानं परत जावं लागतं.

रेल्वेची सवलत बऱ्याच जणांना उशिरा कळते. हॉस्पिटलकडनं फॉर्म भरून घेतला की उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीत कॅन्सर पेशंटला तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. पहिल्याच फेरीत विचारा.

(दृश्य: रक्तपेढी, हातात चेंडू दाबणारा तरुण)

आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक काम. किमोत प्लेटलेट्सही, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पडतात, मग हिरड्यांतनं, नाकातनं रक्त यायला लागतं आणि बाहेरगावच्या माणसाला इथं डोनर कोण देणार, ना ओळख ना पाळख, हातात फाईल घेऊन वॉर्डात अनोळखी लोकांना विचारत फिरावं लागतं. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून भागत नाही, रोज नवे डोनर लागतात. मशीननं काढतात, तास-दीड तास बसावं लागतं, रक्तातलं बाकीचं तुम्हाला परत मिळतं. रक्तदान केलं की तीन-चार महिने थांबावं लागतं, प्लेटलेट्स मात्र डॉक्टर हो म्हणाले तर काही दिवसांत परत देता येतात. हा मुलगा परळलाच नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी येतो. कुणासाठी देतोय हे त्याला माहीत नसतं. तुमच्या जवळच्या रक्तपेढीत फोन करा, प्लेटलेट्स घेतात का विचारा आणि नाव देऊन ठेवा.