नफरी

नमस्कार, श्रोतेहो.

कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं, की नोटीस बोर्डावर फी आणि वेळापत्रकाच्या गर्दीत एक छोटा कागद लागतो: एनसीसीत भरती आहे, इच्छुकांनी सकाळी सहाला मैदानावर हजर राहावे. ‘सकाळी सहा’ वाचूनच निम्मी पोरं गळतात. उरलेल्यांच्या रांगेत एकदा मीही उभी राहिले होते, घरी न सांगता. सांगितलं असतं तर आमचे मामा आडवे आले असते. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. मामा नेमके त्या मधल्या वर्षांत सापडलेले. पुढे माझं बिंग फुटलं तेव्हा ते म्हणालेच, “काहून जायचं वं तिथं? लेफ्ट-राइट करून कोणी मोठं झालं का?”

मामांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. सक्तीनं केलेल्या परेडमधून बुटाचे फोड तेवढे मिळतात. पण फोडांचंच बोलायचं, तर माझीही एक गोष्ट आहे. ती थोड्या वेळानं.

आपण नागपूरकर या बाबतीत नशीबवान. कामठी छावणी १८२१ पासूनची, हाकेच्या अंतरावर. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र तिथंच, आणि एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमीही तिथंच. या अकादमीत कॅडेट शिकत नाहीत, कॅडेटना सांभाळणारे प्राध्यापक शिकतात! एरवी वर्गात खुर्चीवर बसून शिकवणारे सर तिथं घाम गाळतात आणि लेफ्टनंट होऊन कॉलेजात परततात. मॅडमना मात्र याच प्रशिक्षणासाठी थेट ग्वाल्हेर गाठावं लागतं.

आता मैदानावर चला. ड्रिल म्हणजे नुसते पाय आपटणं, हा बाहेरच्यांचा समज. माझाही तोच होता, स्वतः कमांड द्यायची पाळी येईपर्यंत. कमांडचे दोन तुकडे असतात. पहिला लांबवायचा: “परेऽऽड”. तो सावध करण्यापुरता. मग क्षणभर थांबायचं आणि दुसरा तुकडा तोडून टाकायचा: “थम!” चालत्या तुकडीला हा ‘थम’ ठरलेल्या पावलावरच मिळाला पाहिजे. अर्धं पाऊल चुकलं, की पहिली ओळ थांबते, दुसरी तिच्या टाचांवर चढते आणि तिसरी हसते. पहिल्या दिवशी माझं तेच झालं. ड्रिल शिकवणारे उस्ताद म्हणाले, “आवाज मत देखो, पाँव देखो.” कमांड देणाऱ्यानं समोरच्यांच्या पायांकडे बघायचं असतं, हे मला तिथं कळलं. नीट कळलं ते पुढे, कॅम्पमध्ये.

कॅम्प दहा दिवसांचा. डिसेंबरातली थंडी, तंबू, लंगरची पुरी-भाजी. मी नुकतीच सार्जंट झालेली, माझ्याकडे २८ मुली. बाहीवर तीन फिती आल्या, की माणूस उगाच कडक बोलायला लागतो. रात्रीच्या रोल कॉलला सुभेदारसाहेबांसमोर मी ठणकावून रिपोर्ट दिला, “साब, नफरी अठ्ठावीस, सब हाजिर!”

नफरी म्हणजे हजेरीतली माणसं. फौजेत हा शब्द उठता-बसता ऐकू येतो.

सुभेदारसाहेबांनी शांतपणे विचारलं, “गिनके बोला, या सोचके बोला?”

मी मोजलं नव्हतं. संध्याकाळी होत्या, म्हणजे आत्ताही असणारच. साहेब टॉर्च घेऊन रांगेतून एकेकीसमोरून गेले. सत्तावीस भरल्या. अठ्ठाविसावी पाण्याच्या टाकीमागे सापडली, बूट हातात घेऊन रडत बसलेली. गडचिरोलीकडची पोर. स्टोअरमधून मिळालेले बूट एक नंबर लहान होते, टाचेचा फोड फुटून मोजा कातडीला चिकटला होता. बूट बदलून घ्यायला तिनं सांगायचं कुणाला? मला. आणि मी तीन दिवसांत तिच्याशी कमांडपलीकडे एक शब्द बोलले नव्हते.

मला वाटलं, आता रगडा मिळणार, मैदानाला फेऱ्या किंवा फ्रंट रोल. साहेबांनी वेगळंच फर्मावलं. सकाळी पहिल्यांदा तिचे बूट बदलून आणायचे, आणि कॅम्प संपेपर्यंत रोज झोपण्याआधी प्रत्येकीचे पाय बघायचे. २८ मुली, ५६ पाय, आणि मी टॉर्च घेऊन गुडघ्यावर. दुसऱ्या रात्री मुली हसल्या. चौथ्या रात्री हसता हसता बोलायला लागल्या: कुणाला ताप, कुणाच्या घरी भांडण, कुणाला रायफलची भीती. फायरिंगच्या दिवशी त्या भित्र्या पोरीशेजारी मी मुद्दाम पोटावर आडवी झाले. पॉइंट टू-टू रायफल, पाच गोळ्या. तिचा एकही नेम मधोमध लागला नाही, पण पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. उस्ताद खूश. गोळ्या एकाच जागी जात असतील तर नेमाची चूक सुधारता येते, विखुरल्या तर काय सुधारणार?

पालक ऐकत असतील तर कामाचंही सांगते. दुसऱ्या वर्षी ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा असते. ‘सी’ चांगल्या श्रेणीत मिळालं, की पदवीनंतर एनसीसीच्या विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे फौजेतले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीची वाट खुली होते, मुलींनाही. फक्त प्रमाणपत्रासाठी येणारे ओळखू येतात. ते परेड संपायच्या आधी नाश्त्याच्या रांगेत असतात.

मी फौजेत गेले नाही. बँकेत आहे. पण मोजायची खोड गेली नाही. मागच्या दिवाळीत सगळे रामटेकला गेलो होतो. निघताना मी गाडीच्या दारात उभी राहून मोजलं. घरचे ओरडले, “सगळे आहेत, चल आता!” अकराच भरले. बारावे मामा गडाच्या पायरीवर बसले होते, चप्पल काढून, आणि त्यांच्या हातातली फुटाण्यांची पुडी एक माकड घेऊन चाललं होतं.